पाच वड्यांची जाळी

७ जून
टाकीची काच पुन्हा हिरवी. कालच घासली होती! खाऱ्या पाण्याची ही टाकी पियुषची. मार्चमध्ये बुटीबोरीहून ड्युटी संपवून येताना पोरगा रस्त्यातच गेला. त्याचे तीन मासे राहिले. त्याची आई कांता म्हणाली, "तेवढे तरी वाचवा जी."

९ जून
माशांच्या दुकानात गेलो. दुकानदार कृष्णकांत पियुषला ओळखायचा. म्हणाला, शेवाळाचा स्क्रबर लावा — दिव्याखाली जाळी, तिच्यावरून पाणी वाहतं, शेवाळ काचेवर न वाढता जाळीवर वाढतं, खाण्यानं पाण्यात होणारी घाणही तेच शोषतं. आठवड्याला खरवडून फेकायचं. मी टाकी मोजून गेलो होतो.
"लिटर नका सांगू काका. खाणं किती घालता? त्यावर जाळीची साइज."
रोज एक गोठलेली वडी, पियुष घालायचा तेवढीच.
"मंग तळहाताएवढी पुरते."

१२ जून
जाळीचे पैसे देण्याआधी वड्यांचा हिशेब करायला फ्रीजर पाहिला. महिनाभराच्या वड्या सहा दिवसांत संपत आल्या! कांता घालते. सकाळी, त्याच्या डब्याच्या वेळेला, दुपारी, चहाला, तो घरी यायच्या वेळेला.
ओरडलो. "मासे आहेत ते! पियुष नाही!"
तिनं ओला हात पदराला पुसला. आत गेली.

१३ जून
आज तिनं टाकीकडे पाहिलं नाही. मासे उपाशी. माझाही हात वडीकडे गेला नाही.

१५ जून
छोटा निळा मासा उलटा तरंगत होता.
"तुमच्यापायी उपाशी मेला," कांता म्हणाली.
कृष्णकांतला फोन केला. "दोन दिवसाच्या उपासानं नाही मरत काका. जास्त खाण्यानं पाणी सडलं."
हे कांताला सांगू? म्हणजे तिच्याच हातून मेला! नाही सांगणार. माझ्यापायी तर माझ्यापायी.

१६ जून
दुकानात जाऊन कृष्णकांतला म्हटलं, "पाच वड्यांच्या हिशेबानं दे."
"दोन माशांले? एवढा मोठा काहून?"
"घरी खाऊ घालणारं माणूस आहे."
त्यानं पुढे विचारलं नाही. खोकं स्वतः गाडीला बांधून दिलं.

२४ जून
ताटाएवढी जाळी. लावून आठवडा झाला, हिरवी लव धरली. काच स्वच्छ. कांताला म्हटलं, घाल आता, वाटेल तेवढ्या वेळा. आली. उभी राहिली. गेली.

२५ जून
कांतानं वडी माझ्या हातावर ठेवली. "तुम्ही घाला. पियुषले एक घास नाही भरवला कधी तुम्ही."
खरं आहे. एकही नाही.