ओटीपी तुमच्या नंबरवर गेलाय

अब्बा, तुमच्या जुन्या नंबरवर सहा आकड्यांचा ओटीपी आलाय, तेवढा सांगता का? तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि लेक मागतेय काय, तर ओटीपी. हसू नका. अम्मीच्या हयातीच्या दाखल्याची मुदत उद्या संपते. दाखला गेला नाही तर तुमच्यामागं तिला मिळणारी पेन्शन बंद होईल, आणि लकवा मारल्यापासून तिची औषधं त्याच्यावरच चाललीत.

चिकलठाण्याला माझं ग्राहक सेवा केंद्र आहे, म्हणजे बँकेची कामं करणारं छोटं दुकान. दिवसभर लोकांचे अंगठे मशीनवर ठेवते, आणि माझ्याच आईचा अंगठा ते मेलं घेत नाही! मशीन घरी आणलं. अंगठा पुसला, तेल लावलं, हातात धरून ऊब दिली. जन्मभर राखेनं भांडी घासली तिनं, रेषा राहतील कुठनं? मग चेहऱ्याचं ॲप लावलं. ते म्हणतं, डोळे मिचकावा. तिचा डावा डोळा मिटतच नाही, अब्बा. बँकेत गेले तर साहेब म्हणाले, "समक्ष आणा." तिसऱ्या मजल्यावरून खाटेसकट आणू? तर म्हणे, घरी माणूस पाठवू, ॲपवर नोंद करा, ओटीपी येईल. तो येतो खात्याला जोडलेल्या नंबरवर, म्हणजे तुमच्या. नंबर बदलायचा तर परत अंगठा. बँक म्हणते केंद्र देणाऱ्या कंपनीला विचारा, कंपनी म्हणते मशीनवाल्याला, मशीनवाला म्हणतो सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे. हा सर्व्हर राहतो कुठं? त्याच्या दारात जाऊन बसते मी.

बँकेच्या सिल्लोडच्या शाखेत तुम्ही खिडकीजवळ बसायचे. शाळा सुटली की मी तुमच्या टेबलापाशी. एकदा एका म्हातारीनं अंगठा उलटा उमटवला आणि मी खिदळले. तिच्यासमोर तुम्ही काही बोलला नाहीत. तुमच्या त्या वळणदार अक्षरात कागदावर लिहिलंत, 'निशाणी डावा अंगठा, माझ्यासमक्ष', खाली सही. घरी येताना मात्र लई झापलंत. "माणूस समोर उभं हाय, अजून कोणता पुरावा पाहिजे गं तुला?" आत्ता अम्मी माझ्यासमोर आहे. चहा मागतेय. "मैं जिंदा हूं, बोल ना उनको," म्हणतेय. माझ्या समक्षला कोण विचारतंय, अब्बा?

दुपारी तुमच्या नंबरवर फोन लावला. तो आता कन्नड तालुक्यातल्या कुणा माणसाला मिळालाय. म्हटलं, "भाऊ, आत्ता एक ओटीपी आला असेल, तेवढा सांगता का? माझ्या आईचा आहे." तो म्हणाला, "लाज नाय वाटत व्हय बाई? आईच्या नावावर लुबाडता?" परत लावला, पाया पडते म्हणाले. त्यानं ब्लॉक केलं. त्याचं तरी काय चुकलं? माझ्याच दुकानात लाल अक्षरांत पाटी आहे, 'ओटीपी कुणालाही सांगू नका.' मीच लिहिलीय ती.

हा कागद कुठं टाकू? मशीनच्या डब्यात घडी घालून ठेवीन. एक मात्र सांगते, रागावू नका. नंबर बदलणं दोन मिनिटांचं काम. रोज लोकांचे बदलून देते. अम्मीचा अंगठा लागत होता तेव्हा इतकी वर्षं हातात होती. पण तिचं खातं उघडलं की नावाखाली तुमचा नंबर दिसायचा. तो पुसायला माझं बोट धजलं नाही.