मिठागरावरची अर्धी मजुरी

बा, आज शाळेत हेडमास्तरांनी मला बसायला खुर्ची दिली आणि गोड आवाजात सांगितलं, की मास्तरांवर घर असतं, बाईंचा पगार म्हणजे वरखर्च, तेव्हा तो कमीच राहणार. ऐकता ऐकता मी थेट तुझ्या मिठागरावर जाऊन उभी राहिले.

वैशाख होता, तू मुकादम होतास. फावड्यानं मीठ ओढायचं काम पुरुषांचं, त्याला पुरी मजुरी. टोपल्या वाहायचं बायकांचं, त्याला अर्धी. त्या दिवशी पुरुष सगळे जत्रेला गेलेले आणि वळवाचं आभाळ भरून आलेलं. मीठ विरघळलं असतं तर शेठनं तुला काढलं असतं. म्हणून तूच आयेच्या हातात फावडं दिलंस. बायका घोटाभर खाऱ्या पाण्यात उभ्या आहेत, पायांच्या भेगांत मीठ झोंबतंय, मी टोपली घेऊन आयेच्या मागे धावतेय. अंधार पडायच्या आत सगळं मीठ बांधावर आलं.

मजुरी वाटताना जत्रेतून आलेल्यांना तू पुरी दिलीस, आम्हाला अर्धी. आये पुढे झाली.

"फावडं आमी मारलं."

"बायांनी मीठ वढलं ह्ये शेटला कललं तं मीठ बाटलं म्हनंल. गप रव्हा."

"मंग बाटलेलं मीठ पुन्ना पान्यान टाका."

पुरुष हसले. तूही हसलास. त्या हसण्याची मला अजून चीड येते. तुझी पुरी मजुरी ताडीत जायची, आपली चूल पेटायची ती आयेच्या अर्धीवर. वरखर्च म्हणे!

तू गेल्यावर त्याच अर्धीवर तिनं मला शिकवलं. वाटलं होतं, डोक्यावरची टोपली उतरली की सुटले. कुठलं काय. नांगर धरणाऱ्याला जास्त, लावणीला दिवसभर वाकणारीला कमी. वैद्याला रोख पैसे, सुईणीला पदरात तांदूळ. आणि शाळेत मी.

हेडमास्तरांना मी नको नको ते बोलले. हसता कशाला, असंही विचारलं. ते बिचारे हसतही नव्हते. नोकरी बहुतेक जाईल.

हे पत्र धाडायचं नाहीच, म्हणून खरं लिहिते. ते सगळं तुला सुनवायचं होतं, बा. पण तू समोर असतास तर माझं तोंड उघडलं नसतं.