टोपी, साडू आणि माझा टीएसएच

६ फेब्रुवारी
काल कन्नडला मेव्हण्याच्या मुलाचं लग्न. तिथे माझा जाहीर अपमान झाला. ही वही कुणी वाचणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो. माइकवरून मानाच्या पाहुण्यांची नावं पुकारत होते. माझा साडू रामकिसन, त्याला फेटा. मला टोपी. दोघंही त्याच घरचे जावई! त्याला थोरली बहीण दिली, मला धाकटी, एवढाच फरक. टोपी इतकी लहान की डोक्यावर ठरेना, शेवटी मांडीवर ठेवून जेवलो. फेटे संपले म्हणे. माझ्याच वेळी बरे संपले! नंतर रामकिसनने स्वतःचा फेटा उतरवून सगळ्यांदेखत माझ्या डोक्यावर ठेवायला बघितला. उतरलेला फेटा. म्हणजे अपमान डबल.
संकल्प: वर्षाच्या आत बदला.

७ फेब्रुवारी
बदल्याची जागा सापडली. आमच्या लेकीसाठी, सायलीसाठी, हर्सूलच्या आप्पासाहेबांचा सोमनाथ सुचवलाय, तोही रामकिसननेच. मुलगा सायलीच्या कंपनीत आहे. सायलीची पसंती आधीपासून आहे, असं द्वारका सांगते. (बायका या गोष्टी नवऱ्याला शेवटी सांगतात.) माझी हरकत नाही. सोयरीक जमू द्यावी. साखरपुड्यात माइक माझ्या हातात राहील. सगळ्यांना फेटे. रामकिसनला टोपी. लहान साइज.
हा विचार आल्यापासून अंगात कशी गरमी आलीय.

१५ फेब्रुवारी
बदल्यासाठी शरीर कमवायला घेतलं आणि काय रिझल्ट! पहाटे आपोआप जाग. भाकरी दुप्पट खातो तरी पँट ढिली, बेल्टला नवीन भोक पाडलं. पोट दिवसातून चारदा साफ. द्वारका शाल घेऊन बसते, मी पंखा पाचवर करतो. लोक उगाच जिमला जातात. मनात एक सच्चा दुश्मन ठेवला की पुरतं.

२४ फेब्रुवारी
नजरेत जरब आली. ऑफिसात साहेबांनी माझी फाइल परत केली. मी नुसतं पाहिलं. साहेब म्हणाले, सुदर्शनराव, बरं वाटत नसंल तर घरी जा. या माणसाने आजवर अर्ध्या दिवसाची रजा सुखाने दिलेली नाही!
घरी येऊन आरशात बघितलं. डोळे मोठे झालेत, पाणीदार, जरासे पुढे. पापणी नीट मिटत नाही, पण जरब म्हटली की एवढं आलंच. द्वारका म्हणाली, डोळं बाहेर आल्यागत दिसतात, डॉक्टरला दाखवा. तिचा पहिल्यापासून रामकिसनकडे ओढा आहे.

२ मार्च
आज हर्सूलचे पाहुणे येऊन गेले. आप्पासाहेब, त्यांची बायको कडूबाई, सोमनाथ आणि मध्यस्थ म्हणून रामकिसन. कार्यक्रम उत्तम. छाप पाडावी म्हणून चहाचा ट्रे मी स्वतः आणला. रामकिसन समोर दिसल्यावर हात असे शिवशिवायला लागले की कपबशा वाजू लागल्या. थोडा चहा आप्पासाहेबांच्या पांढऱ्या कपड्यांवर गेला. मीच बोलत होतो, जवळपास तासभर. रामकिसनवर नजर रोखून होतो, पण मध्ये आप्पासाहेब बसले होते, त्यामुळे नजर त्यांनाच लागली असावी. घामाने शर्ट ओला. सोमनाथने मला स्वतःचा रुमाल दिला. संस्कारी पोरगा.

६ मार्च
हर्सूलहून निरोप नाही. रामकिसनचा फोन आला. आडून आडून विचारत होता की सुदर्शनराव, तुम्ही अलीकडं काही घेता का. मी विचारलं, काय घेतो? तर म्हणाला, आप्पासाहेबांना शंका आलीय. हात कापतात, डोळे तारवटलेले, बोलणं सुसाट. मी आयुष्यात सोड्याच्या पुढे गेलेलो नाही! ही शंका कुणी पेरली ते कळायला मला वेळ लागला नाही. फोन आपटला. मोबाइल आहे हे विसरलो. स्क्रीन गेली.
सायली माझ्याशी बोलत नाही. उशी ओली करून झोपते, असं द्वारका म्हणते. पोरीसाठी जीव तुटतो. या सगळ्याचा हिशोब रामकिसनला द्यावा लागेल.

९ मार्च
निरोप येवो न येवो, तयारी हवी. शहागंजच्या बाजारात फेटेवाल्या निजामुद्दीनच्या दुकानात गेलो. फेटे पसंत केले, मग त्याला टोपी दाखवायला सांगितली, सगळ्यात लहान. त्याने विचारलं, किते साल का बच्चा है साब? मला वाटलं हाही रामकिसनला सामील. जोरात बोलायला गेलो, तर छातीत कुणी दार ठोठावल्यासारखं झालं आणि दुकान फिरायला लागलं. शुद्धीवर आलो तेव्हा गादीवर आडवा होतो आणि निजामुद्दीन पुठ्ठ्याने वारा घालत होता. म्हणाला, साब, ये गुस्सा नै है, बीमारी है. हमारी बेटी गुलशन के आँखां बी ऐसेच हो गए थे. त्याने रिक्षात बसवून दिलं, द्वारकाला फोनही केला. टोपी मात्र दिली नाही.

११ मार्च
द्वारका ओढतच डॉ. अनिसा यांच्याकडे घेऊन गेली. हार्मोन्सच्या डॉक्टर. बाहेर बाकावर सगळ्या बायका, पुरुष मी एकटा. डॉक्टरांनी हात समोर पसरायला लावले आणि बोटांवर एक कागद ठेवला. कागद पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा थडथडायला लागला. मग पाणी प्यायला सांगून गळ्याकडे बघत बसल्या. विचारलं, डोळे असे कधीपासून? मी अभिमानाने सांगितलं, संकल्पापासून. त्यांनी ते लिहून घेतलं नाही. रक्त तपासायला पाठवलं.

१३ मार्च
रिपोर्ट आला. टीएसएच ०.०१! इतका कमी! साखर, कोलेस्टेरॉल, बीपी, काहीही कमी असलं की चांगलंच असतं. रामकिसनचा नक्की चारपाच असणार.

१३ मार्च, संध्याकाळ
कमी असणं वाईट असतं म्हणे. डॉक्टरांनी समजावलं. गळ्यात फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. तिला काम सांगायला मेंदू टीएसएच सोडतो. माझी ग्रंथी सांगितल्याशिवायच सुटलीय, हार्मोन वाहून चाललंय, म्हणून मेंदूने सांगणंच बंद केलं. वजन, घाम, धडधड, थरथर, झोप, डोळे, चिडचिड, सगळं त्यातलं. आजाराला ग्रेव्हज म्हणतात.
म्हणजे माझी जरब म्हणजे सूज. माझ्या सात पिढ्यांत कुणी फुलपाखराच्या तंत्राने चाललेलं नाही.
गोळ्या दिल्या. एक ग्रंथीला लगाम घालायला, एक धडधडीला. ताप आला किंवा घसा दुखला तर लगेच या, म्हणाल्या. मी विचारलं, गोळ्या साखरपुड्यानंतर सुरू केल्या तर? थोडा राग शिल्लक लागणार आहे. त्या द्वारकाकडे बघत राहिल्या.

१५ मार्च
गंभीर प्रश्न. हर्सूलवाल्यांना कळलं तर? थायरॉईड म्हणजे बायकांचा आजार. त्यात बापाला आहे म्हटल्यावर पोरीलाही होणार असं धरून चालतील. घराण्याला डाग. दारूचं वेगळं. दारू माणूस सोडू शकतो, आणि पुरुषाला ती शोभतेही थोडीफार. खूप विचार करून निर्णय घेतला. आप्पासाहेबांना स्वतः फोन केला. सांगितलं, तुमची शंका बरोबर आहे, थोडी घेतो, पण लग्नानंतर बंद. मर्दासारखं कबूल केलं. तिकडून बराच वेळ आवाज नाही. खुश झाले असावेत.

१७ मार्च
आप्पासाहेबांनी हर्सूलमध्ये गल्लीतलं दारूचं दुकान बंद पाडलं होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचा धाकटा भाऊ दारूनेच गेला, हेही नाही.
नकार आला. सायलीने माझ्या पुढ्यात येऊन विचारलं, पप्पा, तुम्ही पीत नाही, मग असं का सांगितलं? मी म्हणालो, तुझ्याच भल्यासाठी. तिने जेवणाचं ताट तसंच ठेवलं. लहान होती तेव्हा माझ्याशिवाय जेवायची नाही. लई वाईट वाटलं. रामकिसनला सोडणार नाही.

२१ मार्च
घात! द्वारकाने माझे रिपोर्ट रामकिसनला दिले आणि तो ते घेऊन हर्सूलला गेला. आप्पासाहेबांसमोर ठेवून म्हणाला, मानूस दारू पीत नाय, हट्टी हाय आन् आजारी हाय, दोन्ही खरं. माझा टीएसएच सगळ्या हर्सूलभर झाला.
त्यावर कडूबाई हसल्याच म्हणे. अवो, मी लई वर्षं थायरॉईडची गोळी घेती, माझी ग्रंथी कमी चालती, त्यांची जास्त, तेवढंच. आमचा सोमनाथ काय अडला का त्याच्यामुळं? सोयरीक पक्की! अक्षय तृतीयेला साखरपुडा.
सायली नाचत होती. मग रामकिसनला फोन करून रडली. मला सांगायला विसरली.

३० एप्रिल
साखरपुडा पार पडला. गोळ्यांनी हात बऱ्यापैकी स्थिर झालेत, पण एक मोठा शोध लागलाय. मला काहीही माफ आहे! माइक घेतला, सगळी नावं पुकारली आणि रामकिसनचं गाळलं. मंडपात कुणी चिडलं नाही. सगळे एकमेकांना म्हणाले, आजारी हायेत, थायरॉईड हाय. मग आप्पासाहेबांनीच उठून रामकिसनला फेटा बांधला, मध्यस्थ म्हणून. मी हरकत घेतली, तर मला हाताला धरून पंख्याखाली बसवलं. तिथे कडूबाई आणि त्यांच्या जावा होत्या. विचारू लागल्या, तुमचा आता किती आला? उपाशीपोटी घेता का? मी तासभर माझ्या ग्रंथीविषयी बोललो. ऑफिसात इतकं मन लावून माझं कुणी ऐकत नाही.
पण बदला राहिलाय. लग्न डिसेंबरात आहे.

२६ मे
आजार ही मोठी सोय आहे. वरणात मीठ कमी म्हणून ओरडलो: हार्मोन. शेजाऱ्याची गाडी आडवी म्हणून वाद घातला: हार्मोन. रामकिसन तब्येत विचारायला आंबे घेऊन आला, मी आतून कडी लावून घेतली: हार्मोन. (आंबे केशर होते. चांगले निघाले.)
संध्याकाळी सायली जवळ येऊन बसली. विचारलं, पप्पा, आप्पासाहेबांना फोन केला, तोपण आजारामुळेच ना? मी म्हणालो, हो, सगळं त्या ग्रंथीचं. तिने कितीतरी महिन्यांनी माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. म्हणाली, मला वाटलंच होतं, तुम्ही असे नाहीत. डोळ्यात पाणी आलं. डोळे पूर्ण मिटत नाहीत त्यामुळे असेल.

८ जुलै
वजन परत येतंय. रात्रभर झोप. डोळे अजून थोडे पुढे आहेत, त्यांना वेळ लागेल म्हणे. लग्नाचा प्लॅन ठरला: रामकिसनला पत्रिकाच नाही. विचारलं तर तब्येतीमुळे विसरलो.

१९ ऑगस्ट
आज डॉ. अनिसांकडे गेलो. रिपोर्ट बघून त्यांनी पहिल्यांदाच हसून सांगितलं, टी-थ्री, टी-फोर, टीएसएच, सगळं नॉर्मल. द्वारकाने तिथेच हात जोडले. गोळ्या कमी डोसने चालू ठेवायच्या, पण आता सगळं ताब्यात आहे, म्हणाल्या.
मी म्हणालो, पण चिडचिड आहे अजून. कशाची, विचारलं. मी कन्नडच्या लग्नापासून सांगितलं. बाहेर पेशंट ताटकळत होते तरी त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पुन्हा गळा बघितला, पुन्हा रिपोर्ट बघितला. म्हणाल्या, हे थायरॉईडचं नाही. मी विचारलं, दुसऱ्या लॅबमध्ये करून बघू का? म्हणाल्या, करा हवं तर, हेच येईल.
रिक्षा सिग्नलला थांबली तेव्हा द्वारका म्हणाली, मंग हा राग कोनाचा? मी म्हणालो, घरी गेल्यावर बोलू.
घरी सायली दारातच उभी होती. नॉर्मल ऐकून टाळ्या वाजवल्या. मग म्हणाली, आता रामकिसनकाकांना तुम्ही स्वतः फोन करा, पत्रिका पहिली त्यांनाच. मी म्हणालो, बघू. ती म्हणाली, बघू काय पप्पा, आता तर तुम्ही बरे झालात. मी चपला काढायला वाकलो. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाली, मी सगळ्यांना सांगितलं होतं, पप्पा असे नाहीत, तो आजार आहे. सोमनाथलापण सांगितलं होतं. आणि आत गेली. दार आपटलं नाही, नुसतं लावून घेतलं.
मी इथे खुर्चीत बसून मनगटावर नाडी मोजली. नॉर्मल. रामकिसनचा चेहरा डोळ्यांपुढे आणला, राग चांगला भरून येऊ दिला आणि पुन्हा मोजली.
नॉर्मल.