धाकट्याची रेघ

९ फेब्रुवारी

धाकट्या भावाच्या ब्रशांचा डबा उलटा केला आणि ब्रशांमागोमाग गोळ्या घरंगळल्या. कागदात गुंडाळलेल्या, एकेक वेगळी. चाळीस तरी. म्हणजे धाकटा गेले सव्वा महिना माझ्यादेखत नुसतंच पाणी पीत होता.

विचारलं. चिडला नाही. म्हणाला, "ताई, गोळी घेतली की हात थरथरतो. मी पाट्या रंगवतो. थरथरत्या हाताच्या पेंटरला कोण काम देईल?"

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"ते विचारतात, आवाज येतात का, झोप लागते का. हाताचं कोण विचारतं?"

१२ फेब्रुवारी

आवाज परत आलेत. आतून दार लावून कुणाची तरी समजूत घालत होता— "ती तशी नाही. बहीण आहे माझी."

१३ फेब्रुवारी

त्याच्या कॉफीत गोळी कुटून घातली. डब्यातलीच. साखर जास्त टाकली.

२ मार्च

घर शांत. जेवताना आज हसला. "पाहिलंस? गोळ्यांवाचून बरा झालो. तुझं आपलं सारखं स्किझोफ्रेनिया, स्किझोफ्रेनिया."

मी त्याला वाढत राहिले.

१९ मार्च

बेकरीवाल्याची पाटी. अक्षरं कशीबशी जमली. चौकटीची रेघ तो एरवी श्वास रोखून एका दमात ओढतो, पट्टी लागत नाही. आज नागमोडी आली. पुसली, पुन्हा ओढली. तीनदा.

बेकरीवाला डोकावला. "काय पेंटर, पाटीला हुडहुडी भरली का?"

नेहमी त्याला उलट टोला देतो. आज पाटी भिंतीकडे फिरवून ठेवली.

२० मार्च

ब्रश धुतले, पुसले, जाडीप्रमाणे लावून कागदात बांधले. पलीकडच्या गल्लीतल्या पेंटरला देऊन टाकणार म्हणे.

"अरे पण का?"

"तेव्हा गोळ्यांमुळे थरथरायचा. आता गोळ्या नाहीत, तरी थरथरतो. म्हणजे हातच गेला, ताई."

हा विचार मी केलाच नव्हता. कुटताना फक्त आवाज बंद होतील एवढंच डोक्यात होतं.

सांगितलं, तर माझ्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाही, गोळी तर दूरच. नाही सांगितलं, तर उद्या ब्रश जातील.

२१ मार्च

सांगितलं. तेरा फेब्रुवारीपासून, रोज, कॉफीत.

ओरडेल असं वाटलं होतं. उजवा हात टेबलावर पालथा ठेवून बघत बसला.

"म्हणजे हात शाबूत आहे."

"हो."

मग म्हणाला, "आणि जो गोळ्यांवाचून बरा झाला, तोही मी नव्हे."

कागदाची पुडी सोडून त्याने ब्रश जागेवर ठेवले. जेवला नाही. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

२२ मार्च

सकाळी आठला दवाखान्यात गेला. स्वतःहून. बेकरीवाल्याची पाटी काखोटीला मारून नेली— डॉक्टरांना रेघ दाखवायला. मी चपला घालू लागले, तर म्हणाला, "तू नको."