वळणावरचा दगड

ता. ६ एप्रिल

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दोन पानांचं होतं आणि त्यातलं सव्वा पान त्या डॉक्टरीणबाईंवर होतं. मी शिंपीण आहे, माझा डोळा मापाला चुकत नाही. पुलापलीकडे राहायला येऊन तिला अजून दोन वर्षंही झालेली नाहीत. जन्मभर गुरांना सुया टोचल्या, निवृत्त झाल्यावर हौस म्हणून ओढ्याकाठी हिंडायला लागली, आणि तुमच्या निसर्ग-नोंद कार्यालयाला लगेच तिच्या नोंदी किती नेटक्या आणि किती वेळेवर. इकडे मी चौदा वर्षं रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ओढ्याच्या वळणावर जाऊन बसते आणि दिसेल ते वहीत लिहिते. त्याचं कौतुक तू शेवटचं कधी केलंस ते आठवून कळव.

तुझे भाऊजी म्हणतात की मी उगाच जळते. उगाच नाही, चांगली कारणं आहेत म्हणून जळते.

काल ती दुकानात आली होती. जाकिटाला आतून वहीचा खिसा शिवून हवा होता, म्हणून मापाला वही ठेवून गेली. मी उघडून पाहिली नाही. म्हणजे पाहिली, पण मापापुरतीच. मेलीचं अक्षरही छान आहे. खिसा मी अर्धा इंच लहान शिवला. हे कुणाला सांगू नकोस.

भाऊजींचा गुडघा आता बरा आहे. मशीनचा पट्टा बदलला. तुझी माया आहेच, ती वाटून टाकू नकोस एवढंच.

तुझी,
ताई


ता. १९ एप्रिल

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

खिशाचं वाचून मी कार्यालयात एकटीच हसत बसले. सगळे विचारायला लागले, मी म्हटलं घरचं पत्र आहे.

आता कामाचं. ओढा पुन्हा जिवंत करायची योजना खरंच मंजूर होते आहे. उगमापासून पुलापर्यंतच्या ओढ्याचे नकाशावर चौकोन पाडले आहेत. ज्या चौकोनात पक्षी, बेडूक, चतुर, झाडं यांच्या नोंदी भरपूर, तिथे काठ जपायचा, भराव काढायचे, झाडी वाढू द्यायची. कुठून सुरुवात करायची ते लोकांनी दिलेल्या नोंदींवरूनच ठरणार आहे, आणि त्या सगळ्यांना पाहायला खुल्या असतील. नोंदी द्यायची मुदत एकतीस मेपर्यंत आहे. तुझ्या चौदा वह्या मला हव्या आहेत. मी स्वतः बसून उतरवून घेईन, एका पानाला चहाचा डाग लागू देणार नाही.

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या सगळ्या नोंदी मार्चमध्येच पाठवल्या. हे सांगितलं नाही तरी चाललं असतं, पण सांगते.

भाऊजींना नमस्कार. रागावलीस तरी पत्र टाक, नुसती गप्प बसू नकोस.

तुझी,
बारकी


ता. २ मे

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

वह्या मिळणार नाहीत.

त्या काही तुमच्या तक्त्यांसाठी लिहिलेल्या नाहीत. त्यात खंड्याच्या बिळाशेजारी माझी डोकेदुखी आहे, बेडकांच्या अंड्यांखाली गिऱ्हाइकांची मापं आहेत, आणि बाबा गेले त्या आठवड्याचं पान आहे. ते कुणी खुलं करायचं? वळणावरचं बीळ बाबांनी मला दाखवलं, मला एकटीला. उद्या तुम्ही तो चौकोन हिरवा रंगवणार, परवा तुझी डॉक्टरीणबाई तिथे येऊन माझ्या दगडावर बसणार आणि तेरवा तू मला तिचं वर्णन सव्वा पान लिहिणार. त्यापेक्षा तो चौकोन कोराच राहू दे.

तसंही त्या दगडावर बसायला निगुतीनं तयारी करावी लागते. कुणाचं तरी कुत्रं येऊन तिथे घाण करून जातं. चौदा वर्षं मी डबडं भरून पाणी ओतते, दगड धुते आणि मग बसते. एवढं प्रेम तिचं आहे का विचार तिला.

दोन लग्नांचे कपडे शिवायला आलेत, मान वर करायला फुरसत नाही. तब्येत सांभाळ. माझ्यावरचा राग फार दिवस ठेवू नकोस, तुला तो शोभत नाही.

तुझी,
ताई


ता. २० मे

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

नकाशाचा कच्चा कागद काल टेबलावर आला. उगमापासून पुलापर्यंत सगळीकडे रंग भरलेला आहे आणि मधोमध एक चौकोन पांढरा आहे. तुझं वळण.

ताई, कोरा चौकोन तसाच राहत नाही. कोरा म्हणजे तिथे काही नाही, असं धरतात. खालच्या तळ्यातला गाळ उपसून कुठेतरी टाकायचा आहे, आणि साहेबांनी पेन्सिलीने त्या पांढऱ्या जागेवर बारीक गोल काढला आहे. त्यांची चूक नाही, त्यांना कागदावर जे दिसलं त्यावर ते चालले. पाऊस लागायच्या आत गाड्या येतील. काठ बुजेल, बीळही बुजेल.

मला वाटलं होतं, तू नाही तर डॉक्टरीणबाईंनी तरी तिथली पाहणी केली असेल. त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या की त्या रोज मोडक्या कुंपणापर्यंत जातात आणि तिथून परत फिरतात. पुढे तुझी ताई बसलेली असते, तिची जागा आहे, तिच्या जागेतलं मी कसं मोजू, असं म्हणाल्या. म्हणजे तू जळून दिलं नाहीस आणि त्यांनी भिडेपोटी पाहिलं नाही, आणि तुम्हा दोघींमध्ये वळण मरतंय.

आता माझंही ऐक. त्यांचं कौतुक मी मुद्दाम लांबवून लिहीत होते. तुला झोंबावं म्हणून. बाबा रविवारी तुला ओढ्यावर न्यायचे आणि मी लहान, पाण्यात पडेन म्हणून मला घरी ठेवायचे. मी खिडकीच्या गजांना धरून तुम्ही दोघं कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघत राहायचे. पुढे मी मोठी झाले तरी कुणाच्या ते लक्षात आलं नाही. मग मी असं कार्यालय शोधलं की जिथे ओढे येतात. पन्नाशी आली, पण तुझा हेवा काही गेलेला नाही.

वह्या पाठव. आणि वह्यांच्या जोडीला या हंगामात दोघांनी मिळून केलेली एक पाहणी लागते. दुसरं माणूस कोण ते मी सांगायला नको.

जे लिहिलं ते पोटात ठेव.

तुझी,
बारकी


ता. २७ मे

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि दुकानाचं दार ओढून आत बसून राहिले. खिडकीचं मला खरंच माहीत नव्हतं गं. मला वाटायचं तू तिथे आम्हाला टाटा करायला उभी राहतेस.

मग उठले आणि पूल ओलांडला. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, दारात सगळं विसरले. नुसतं म्हटलं की उद्या सकाळी वळणावर या. त्यांनी कारण विचारलं नाही, किती वाजता एवढंच विचारलं. जाकीट अंगावर होतं आणि वही हातात होती, कारण ती खिशात जात नव्हती. मला मान वर करवेना.

आम्ही तीन सकाळी बसलो. खंड्याची जोडी दिसली, पाणकोंबडीची पिल्लं दिसली, चतुरांचे चार प्रकार त्यांनी ओळखले, त्यातले दोन मला ठाऊक नव्हते. जळले, पण लिहून घेतले. आता खरी गोष्ट ऐक. पहिल्या दिवशी मी सवयीने डबडं भरलं आणि दगड धुवायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला. खाली वाकल्या, काडीने ती घाण उकरली आणि चक्क हुंगली. गुरांच्या डॉक्टरांना कशाचीही किळस नसते. आत माशांची खवलं होती, बारीक काटे होते. म्हणाल्या की हे कुत्रं नाही, हे पाणमांजर आहे, आणि आपली हद्द दाखवायला ते याच दगडावर येऊन खूण करून जातं. ओल्या मातीत पावलाचा ठसाही दाखवला.

चौदा वर्षं, बारके. चौदा वर्षं पाणमांजर माझ्या दगडावर सही करून जात होतं आणि मी ती पुसत होते. आणि ओळखलं तिने, एका सकाळी. मला इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं आनंदाचं आहे. थोडं तेही होतं.

वह्या भाऊजींबरोबर बसने पाठवते आहे. बाबांचं पान दोऱ्याने शिवून बंद केलंय, ते तू उसवून वाच, तुलाच वाचायला ठेवलंय. पाहणीच्या कागदावर 'कोणी पाहिलं' या रकान्यात आधी त्यांचं नाव घातलं, खाली माझं. फार जड गेलं. खिसा उसवून मापात शिवून दिला, शिलाई घेतली नाही.

तुझा हेवा जपून ठेव, माझा मी जपते. त्याने आपल्यात अंतर पडलं नाही म्हणजे झालं.

तुझी,
ताई


ता. १४ जून

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

वळण वाचलं. साहेबांनी माझ्यासमोर रबराने तो गोल खोडला. गाळ आता जुन्या वीटभट्टीच्या खड्ड्यात जाणार, आणि ओढ्याचं काम तुझ्या चौकोनापासून सुरू होणार.

पण ते नुसत्या तीन सकाळींवर झालं नाही. वह्या उतरवायला डॉक्टरीणबाई चार दिवस इथे येऊन बसल्या. पहिल्या वहीच्या तिसऱ्याच पानावर तू लिहिलंयस, दगड पुन्हा घाण, धुतला. तारखेसकट. मग पुढच्या पानावर तेच. मग एकदा मेल्या कुत्र्याला शिव्या, त्याही तारखेसकट. आम्ही मोजत गेलो. पाणमांजराच्या दोनशे अकरा नोंदी निघाल्या, ताई. चौदा वर्षांत एकही हिवाळा चुकलेला नाही. पाणमांजर इतकी वर्षं एकाच जागी टिकल्याचा एवढा पुरावा आमच्या कार्यालयात दुसऱ्या कुणाचाच नाही. तू पुसलंस खरं, पण पुसायच्या आधी प्रत्येक वेळी लिहून ठेवलंस.

त्या दोनशे अकरा ओळींच्या पुढे कुणाचं नाव घालायचं ते मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. कुत्रं म्हणून लिहिलेलं पाणमांजर म्हणून ओळखलं त्यांनी, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, दर वेळी धुतलं कोणी? मग स्वतः बसून त्या छान अक्षरात त्यांनी दोनशे अकरा वेळा तुझं नाव लिहिलं. मी शेजारी बसून बघत होते आणि तुम्हा दोघींवर जळत होते.

बाबांचं पान उसवलं. त्यात तू लिहिलंयस की शेवटच्या दिवसांत ते विचारत होते, बारकीला ओढा दाखवायचा राहिला, ती आता पडणार नाही ना. हे तू मला इतकी वर्षं का सांगितलं नाहीस ते विचारत नाही. तुला तेवढं एक स्वतःपाशी ठेवायचं होतं, मला कळतं.

पुढच्या रविवारी मी येते. दगडावर तिघी मावतात का ते पाहून ठेव. मावत नसतील तर डॉक्टरीणबाईंना गवतावर बसव, मी बसणार नाही.

भाऊजींना नमस्कार. दगड धुऊ नकोस.

तुझी,
बारकी