वीस घोड्यांची मोटर आन दोन बैल

धनज, फेब्रुवारी १९३८

आसेगावचे हिरालालभाऊ यांस, तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे गुलाबरावचा, धनजहून दोन्ही हात जोडून रामराम. तुमचा गुडघा कसा हाये? (गोजराबाई रोज इचारते. मीबी इचारतो, मनातल्या मनात.)

आधी आनंदाची गोष्ट. तुमची भाची अंजना मोकळी झाली. पोरगा झाला! दोघंबी कारंज्याच्या दवाखान्यात सुखरूप हायेत. माह्या जिवात आता कुठं जीव आला.

बुधवारी दुपारी तिले कळा लागल्या. तुळसाबाई सुईण म्हणे मूल आडवं हाये, दवाखाना गाठा. वांगे बाजारात न्याले तुमी दिलेली जुनी मोटर दारातच होती. वीस घोड्याचं इंजन, असं तुमीच सांगतलं होतं. (मोजले कोणी, देव जाणे.) अंजनाले मागं निजवून निघालो. नाल्याच्या चढावावर इंजन असं बोंबललं का झाडावरचे कावळे उडाले, पण चाकं जागचे हालेनात. पोरगी कण्हून राह्यली, गोजराबाई रडून राह्यली, आन मी तुमच्या नावानं... जाऊ द्या. शेवटी शेजारच्या वावरातल्या धनसिंगनं वखराचे बैल सोडून आणले, मोटरीपुढं जुपले, आन तसेच कारंज्यात शिरलो. लोक लय हासले. हासू द्या, पोरगी वेळेवर पोचली.

मंग बाबूलाल मिस्त्रीले इचारलं, बाबा, घोडे गेले कुठं? तो म्हणे, इंजनातली सारी ताकद चाकापरेंत जातच नाई. गेर, लांब दांडा, मागचा दातऱ्या चाकाचा गोळा, जो तो आपला वाटा खातो. (वांग्याच्या टोपल्यात हमाल आन आडत्या हात घालतात, तसंच.) पण विसातले तीन-चार जावे, सारेच कसे गेले, हे त्यालेबी समजेना.

तुमचा,
गुलाबराव

ता. क. काल त्यानं मागचा गोळा उघडला. आतून निघाला एरंडीच्या तेलात भिजवलेला शेरभर ताग, दातऱ्यात गच्च गुतलेला. तो म्यानंच कोंबला होता, संक्रांतीले. बैलगाडीचा कणा कुरकुरू नये म्हणून त्याले तेलाचं ओंगन देतो, तं मोटरीनं काय पाप केलं? मिस्त्रीनं तोंड धुऊन घेतलं, पण हासू थांबेना त्याचं.

आणखी एक. बुधवारी दवाखान्याच्या दारातून रागानं एक पत्र तुमाले टपालात टाकलं. 'फसवी मोटर देणाऱ्यानं आमच्या उंबऱ्यावर पाय ठेवू नये,' असं त्यात हाये. म्हणून हे पत्र तिकडं निघालेल्या हेमसिंगच्या हाती, टपालाच्या आधी पोचावं असं धाडलं. ते टपालाचं फोडू नका, तसंच चुलीत घाला. गोजराबाईले काई माहीत नाई. अंजना म्हणते, मामा आल्याशिवाय पोराले पाळण्यात घालू देणार नाई.

फोडलंच असलं, तं हिरालालभाऊ, तरीबी या.