पेनड्राइव्हवरची लायब्ररी

सोम., १० नोव्हें.
बिल्ड परत फेल, प्रोग्रॅम तयारच होईना. चाकणच्या कंपनीत आपली दुसरी डबी बसवायची आहे २० तारखेला. तिथे गुरुवारी सुट्टी, लाईन बंद मिळते ती तेवढीच. बोल्ट किती जोराने आवळला ते मशिनकडून घेऊन पुढे पाठवायचं, एवढंच डबीचं काम. पहिली डबी ऑगस्टपासून मस्त चालू आहे. प्रोग्रॅम तोच, एक ओळ बदललेली नाही. आणि आता शेवटी सगळे तुकडे जोडताना लिंकर म्हणतो, मॉडबसची लायब्ररी, म्हणजे मशिनशी बोलायच्या तयार कोडची फाइल, सापडत नाही. अरे बाबा, ऑगस्टमध्ये सापडत होती ना तुला!

माझं प्रोबेशन ३० ला संपतंय. लेकीसाठी, ओवीसाठी पाच वर्षं घरी होते, तर कोणी इंटरव्ह्यूलाही बोलवत नव्हतं. देसाई सरांनी घेतलं. हे विसरायचं नाही.

मंगळ., ११
सरांनी सागरला सगळ्यांसमोर झापलं. दिवाळीच्या सुट्टीत बिल्डचं जुनं मशिन त्याने फॉरमॅट केलं. सांगितलं होतं सरांनीच, पण ते कोण बोलणार.
"बॅकअप न घेता उडवलंस कसं रे?"
"सर, सगळा कोड गिटवर जपलेला होता. मी तपासलं होतं."
"मग लायब्ररी हवेत गेली का?"
सागर चार वर्षं आहे इथे, यंदा सिनियर व्हायची पाळी त्याची. फार वाईट वाटलं. आणि खरं लिहायचं तर, आपल्यावर नाही आलं म्हणून बरंही वाटलं. शी.

गुरु., १३
मी शहाणी! लायब्ररी लॅपटॉपवर इन्स्टॉल केली आणि लिंकरला ती जागा दाखवली. तो म्हणतो, इनकम्पॅटिबल, सोडून देतोय. बरोबरच आहे त्याचं. प्रोग्रॅम बनतो लॅपटॉपवर पण चालणार डबीत, आणि डबीतला प्रोसेसर वेगळा. नवऱ्याचा, निलेशचा बूट ओवीच्या पायात कसा बसेल? दोन तास वाया.

घरी यायला उशीर. आईने ओवीला शाळेतून आणलं, जेवू घातलं, गृहपाठसुद्धा घेतला. आई मागच्याच गल्लीत राहते म्हणून माझी नोकरी चालू आहे, नाहीतर डांगे चौकातला ट्रॅफिक आणि मी, संपलंच होतं.

शनि., १५
सुट्टी असून सागर आला. स्वतःच्या डब्यातली अर्धी थालीपीठं मला दिली आणि जुन्या सगळ्या नोंदी एकेक करून बघत बसला. म्हणाला, "मॅडम, माझ्याच हातून काहीतरी उडालं असणार. मला आठवत नाही, एवढंच." त्याचा स्वतःवरचाच विश्वास उडायला लागलाय. भला माणूस. काही सापडलं नाही.

सोम., १७
चाकणच्या मेंटेनन्सच्या गवारे काकांना फोन केला. पहिल्या डबीत लायब्ररी कुठली आहे तेवढं बघायचं होतं.

"थांबा मॅडम, रजिस्टर बघतो. लाईनला कुनी बी हात लावला की आमी लिहून ठिवतो. तुमची सही बी हाय." पानं उलटल्याचा आवाज. मग वाचलं, "एकवीस ऑगस्ट. डबी चालू न्हाई. मॅडमनी पेनड्राइव्हवरून फाइल टाकली. डबी चालू."

सगळं आठवलं. ती लायब्ररी मीच आदल्या दिवशी घाईत बनवली होती. ऑफिसच्या बिल्ड मशिनमध्ये हाताने टाकली, म्हणून लिंकिंग झालं. साइटवर डबीत हाताने टाकली, म्हणून प्रोग्रॅम चालला. उद्या नीट गिटमध्ये टाकू म्हटलं होतं. तो उद्या काही उजाडला नाही. घरी येऊन पेढा खाल्ला होता मी त्या दिवशी!

सागर खरंच बोलत होता. गिटवर होतं ते सगळं आहे. नव्हतं ते मी ठेवलंच नव्हतं.

सांगितलं नाही कोणाला. अजून.

मंगळ., १८
लायब्ररीचा सोर्स, मूळ कोड, परत आणला. पहिल्यांदा प्रोसेसर कुठला ते सांगायलाच विसरले, परत लॅपटॉपसाठीच बनली. दुसऱ्यांदा नीट. लिंकिंग झालं! या वेळी सगळं गिटमध्ये, कसं बनवायचं त्याच्या पायऱ्यांसकट.

सर खूश. "शाब्बास!" आणि सागर येऊन म्हणतो, "मॅडम, वाचवलंत. विसरणार नाही मी हे." बया, हा माझे आभार मानतोय.

संध्याकाळी आईकडे. पप्पांना सगळं सांगितलं. ते तीस वर्षं लेथवर होते. म्हणाले, "माझ्या हातून एकदा जॉब बिघडला, अख्खा तुकडा वाया गेला. पुढच्या शिफ्टचा होता त्याला मेमो मिळाला. मी बोललो नाही, तू तेव्हा पोटात होतीस. तो आजही आकुर्डीत दिसला की मी रस्ता बदलतो." आईलासुद्धा माहीत नव्हतं हे. पप्पांनी मला काहीच सांगितलं नाही, असं कर किंवा तसं कर. पण किती दिलं त्यांनी मला आज.

बुध., १९
सकाळच्या मीटिंगमध्ये सांगितलं. सगळ्यांसमोर, कारण त्याला झापलं ते सगळ्यांसमोर. "सागरने काही उडवलं नाही. लायब्ररी मी हाताने टाकली होती, कुठेच लिहिलं नव्हतं. सोमवारी कळलं मला. काल शाबासकी घेतली ती पण चुकीची."

सागर लॅपटॉपकडे बघत होता. सर म्हणाले, "आधी उद्याचं चाकण काढा. मग बघू."

गुरु., २०
दुसरी डबी चालू. पहिल्या झटक्यात! हाताने एक फाइल टाकली नाही. पहिल्या डबीतही नीट बनवलेली टाकली. काकांना म्हटलं, तुमच्यामुळे झालं. "आमी काय केलं? लिहून ठिवलं फक्त." मग कँटीन बंद म्हणून त्यांनी घरून आणलेला चहा मला पाजला. त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

शुक्र., २१
सागर बोलत नाही माझ्याशी. कामापुरतं हो-नाही. हक्क आहे त्याचा. त्याने आठ दिवस स्वतःला खाल्लं, त्यातला दीड दिवस मला सगळं माहीत होतं. सॉरी म्हटलं, तर "ठीक आहे मॅडम."

देसाई सरांचा मेल. सोमवारी अकराला केबिनमध्ये, एचआर पण असतील. प्रोबेशनचंच असणार. निलेश म्हणतो घाबरू नको. घाबरणार नाही तर काय करणार?

रवि., २३
पोरीला घेऊन इंद्रायणीकाठी गेलो, बरं वाटलं. पप्पा आले होते. नोकरी गेली तरी त्यांच्याशी बोलताना मान खाली नाही, हे खूप आहे.

दुपारी सागरचा मेसेज. "उद्या अकराला मी पण आत येतो. सरांना विचारलंय."
मी विचारलं, कशाला?
"फॉरमॅट करायच्या आधी तुम्हाला एक फोन करायला पाहिजे होता. केला नाही. तेवढं माझं आहे, ते मीच सांगणार."

स्वयंपाकघरात उभी राहून रडले. ओवी विचारते, मम्मा कांदा चिरतेस का. ते तुझं नाही रे, असं लिहिलं, खोडलं. थँक्यू लिहिलं, तेही खोडलं. एवढ्याशा शब्दात काय मावणार.

शेवटी "ये" एवढंच पाठवलं.